कॅनडात कॅम्पिंगला जाताना खाण्याचं सामान बॉर्डरवरून कसं न्यायचं

सिएटलच्या आसपास राहणारी आपली मंडळी उन्हाळ्यात गाडी भरून कॅनडाकडे निघतात आणि निघायच्या आदल्या दिवशी कोणीतरी विचारतंच, तांदूळ नेता येतात का, भाजणी चालते का, लिंबं काढून घेतात का, तूप घरचं आहे ते दाखवायचं का. प्रश्न बरोबर आहेत पण विचारायची वेळ चुकते, कारण बॉर्डरचा विचार पॅकिंगच्या रात्री नाही तर मेनू ठरवताना करायचा असतो. म्हणून हे सगळं नीट क्रमाने लिहितेय, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी.

उदाहरण म्हणून एक नेहमीची ट्रिप घेऊ. सिएटलहून निघायचं, सुमासला बॉर्डर ओलांडून अ‍ॅबट्सफर्डमध्ये शिरायचं, तिथून ट्रान्स-कॅनडा हायवेने रेवेलस्टोक, लेक लुईस, बॅन्फ, मग खाली वॉटरटन लेक्स, आणि तिथून चीफ माउंटनच्या बॉर्डरने परत अमेरिकेत ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये. सुंदर रूट आहे. वॉटरटन आणि ग्लेशियर मिळून १९३२ साली जगातलं पहिलं इंटरनॅशनल पीस पार्क झालं, त्यामुळे एकाच ट्रिपमध्ये दोन देशांतले डोंगर बघून होतात. पण यात गोची अशी की बॉर्डर दोनदा लागते आणि दुसऱ्यांदा लागते तेव्हा ट्रिप संपलेली नसते, कूलर अर्धा भरलेला असतो आणि पुढचे दोन-तीन दिवस त्यावरच काढायचे असतात. जाताना कॅनडाचे नियम, येताना अमेरिकेचे, आणि हे दोन्ही सारखे नाहीत. अमेरिकेतच विकत घेतलेली लिंबं आठवडाभर कॅनडात फिरवून परत आणली तरी ती बाहेरून आलेली लिंबं म्हणूनच बघितली जातात, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही.

सगळ्यात आधी: सांगायचं, सगळं सांगायचं

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे ठेवा. नियम मोडणारी वस्तू गाडीत असणं आणि ती न सांगणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही सांगितलंत की माझ्याकडे दोन संत्री आहेत, तर जास्तीत जास्त ती संत्री काढून घेतील आणि तुम्ही पुढे जाल. नाही म्हणालात आणि ती सापडली तर दंड. कॅनडात न सांगितलेल्या खाण्यापिण्याच्या किंवा झाडपाल्याच्या सामानासाठी १,३०० कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, अमेरिकेत पहिल्या वेळेला, घरगुती प्रमाणात सामान असेल तरी तो १,००० डॉलरपर्यंत जातो, आणि प्रकरण गंभीर असेल तर १०,००० पर्यंत. शिवाय ज्यांच्याकडे नेक्सस किंवा ग्लोबल एन्ट्रीचं, म्हणजे आधी तपासणी झालेल्या प्रवाशांना बॉर्डरवर लवकर सोडणारं कार्ड आहे त्यांचं कार्ड एका न सांगितलेल्या फळापायी रद्द होऊ शकतं. ही भीती घालायला सांगत नाहीये, उलट सांगतेय की खरं बोलणाऱ्याला इथे काही त्रास नाही. आपल्याकडे उगाच एक सवय असते ना, "काही नाही हो, थोडंसं खाणं आहे" असं म्हणून विषय संपवायची, ती इथे सोडून द्या.

मेनू ठरवताना

माझं साधं सूत्र आहे, कोरडं घरून न्यायचं आणि ओलं पलीकडे घ्यायचं. भाज्या, फळं, अंडी, दही, कच्चं मांस हे सगळं बॉर्डर ओलांडल्यावर विकत. आणि हे अवघड अजिबात नाही, कारण सुमास ओलांडलं की लगेच अ‍ॅबट्सफर्ड लागतं, तिथे पंजाबी वस्ती इतकी मोठी आहे की कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, लिंबं, पनीर, दही, अगदी ताज्या मेथीपासून सगळं मिळतं. घरून कूलरमध्ये बर्फावर सांभाळत नेलेल्या कोथिंबिरीपेक्षा तिथली ताजी जुडी केव्हाही चांगली. पुढे कॅलगरीतही भारतीय दुकानं भरपूर आहेत, बॅन्फहून वॉटरटनला जाताना वाटेतच पडतं.

घरून काय न्यायचं तर चिवडा, चकल्या, लाडू, गूळपोळ्या, मेथीचे ठेपले, दशम्या, बिस्किटं, चहा, साखर, दळलेले मसाले, मेतकूट, चटण्या, बाटलीतलं लोणचं. भाजलेले, तळलेले, शिजवून कोरडे केलेले शाकाहारी पदार्थ साधारणपणे दोन्ही बाजूंना चालतात. भाजणीही चालते, पण पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीही न लिहिलेली दोन किलो पावडर ऑफिसरसमोर ठेवायची म्हणजे त्यालाही प्रश्न पडणार आणि तुम्हालाही उत्तर देत बसावं लागणार, म्हणून पिशवीवर मार्करने मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहा की हे भाजलेल्या धान्यांचं आणि डाळींचं पीठ आहे. मसाल्यांना पण तेच.

मांसाहारी मंडळींसाठी: अमेरिकेतून कॅनडात जाताना दुकानात पॅक केलेलं, कुठल्या देशातलं आहे ते छापलेलं मांस स्वतःच्या वापरापुरतं नेता येतं, मर्यादा माणशी २० किलो आहे म्हणजे प्रमाणाचा प्रश्न कॅम्पिंगवाल्यांना येतच नाही. दूध, चीज, तूप यांनाही तशीच २० किलोची मर्यादा. पण कच्चं चिकन आणि अंडी यांचे नियम बर्ड फ्लूमुळे २०२२ पासून सारखे बदलतायत, कधी ठरावीक भागातलं बंद, कधी परत सुरू, त्यामुळे मी ते कधीच बरोबर घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका असं सांगेन. सुकट किंवा सुके बोंबील वैयक्तिक वापरासाठी मासे म्हणून चालतात, पण आपण अस्वलांच्या इलाख्यात चाललोय आणि सुकटीचा वास कशाने जात नाही हे आपल्याला माहितीये, तर ती घरीच ठेवा.

तांदूळ, हरभरे आणि कढीपत्ता

हे तिन्ही आपल्या खास कामाचे म्हणून जरा सविस्तर.

तांदळाची अडचण खपरा भुंग्यामुळे आहे. हा साठवलेल्या धान्यातला किडा, मूळ आपल्याच भागातला, आणि याची अळी काही न खाता वर्षानुवर्षं फटीत दबा धरून राहू शकते, बऱ्याच कीटकनाशकांना दाद देत नाही. १९५३ साली तो कॅलिफोर्नियात सापडला तेव्हा तो संपवायला १९६६ उजाडलं, इतका चिवट. त्यामुळे भारतासारख्या जिथे हा किडा आहे त्या देशांतला तांदूळ प्रवाशाने सामानातून आणणं अमेरिकेने बंद केलंय, आणि कॅनडाने २०२१ मध्ये तांदळाबरोबर हरभरे, सोयाबीन आणि करडईलाही तोच नियम लावला. आता तुम्ही म्हणाल मी तर इथल्याच दुकानातून आणलेला बासमती नेतेय, भारतातून थोडाच आणलाय. बरोबर आहे, पण स्टीलच्या डब्यात ओतलेल्या तांदळावर तो कुठला आहे हे कुठे लिहिलेलं असतं? आणि बासमतीचा दाणा बघून ऑफिसर ओळखतोच. म्हणून दोनच मार्ग, एक तर कॅलिफोर्नियात पिकलेल्या तांदळाची छोटी सीलबंद पिशवी लेबलसकट न्या, नाहीतर अ‍ॅबट्सफर्डला एक किलो तांदूळ घ्या आणि परत यायच्या आत संपवा. खिचडीला तसाही कॅलिफोर्नियाचा जाडसर तांदूळ मस्त लागतो. छोल्यांसाठी कॅन न्या, त्यात काही भानगड नाही. तूरडाळ, मूगडाळ दुकानाच्या बंद पाकिटातच ठेवा, आणि भिजवून मोड आणायला म्हणून अख्खे मूग-मटकी न्यायचा बेत असेल तर तो मात्र पुढच्या वेळेला, घरी.

कढीपत्ता. घरच्या कुंडीतला असो की दुकानातला, ताजा कढीपत्ता बॉर्डरवरून नेऊ नका, विशेषतः अमेरिकेत परत येताना. कढीपत्ता हा संत्र्या-लिंबाच्याच कुळातला, आणि त्याच्या कोवळ्या पानांवर एक बारीक तुडतुड्यासारखा किडा बसतो जो संत्र्याच्या झाडांना हिरवेपणाचा रोग लावतो. झाड वाळत जातं, फळं वेडीवाकडी आणि कडू होतात आणि त्यावर इलाज नाही. २००५ साली हा रोग फ्लोरिडात सापडला आणि तिथल्या बागांची जी वाताहत झाली ती अजून चालूच आहे. आपल्या नागपूरच्या संत्र्यांच्या बागांनाही या रोगाची ओळख आहे, त्यामुळे हे काही परक्यांचं दुखणं नाही. फोडणीत आठ दिवस कढीपत्ता नसला तर चालतं, खरंच चालतं.

बटाटे हा अजून एक, दिसायला निरुपद्रवी. मातीतून येणारे रोग बटाट्याबरोबर फिरतात, कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडचे बटाटे अशाच एका रोगापायी नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेला जायचे बंद झाले होते आणि पुन्हा सुरू व्हायला काही महिने गेले, शेतकऱ्यांचं केवढं नुकसान झालं. ज्या देशात खायचे त्या देशातच घ्या. आणि घरच्या झाडाची सफरचंद, चेरी, प्लम हे तर अजिबात नको, ना लेबल ना काही, आणि तुम्ही ज्या ब्रिटिश कोलंबियातून जाणार आहात तिथे फळबागांवर कितीतरी घरं चालतात.

लाकूड नाही म्हणजे नाही

खाण्याचा विषय आहे पण शेकोटीशिवाय कॅम्पिंगचं खाणं कुठलं, म्हणून हे इथेच. गॅरेजमध्ये पडलेली जळाऊ लाकडं गाडीत टाकू नका. सालीखाली किडे असतात ते बाहेरून दिसत नाहीत. हिरव्या रंगाचा एक भुंगेरा २००२ साली डेट्रॉइटजवळ आणि पलीकडे विंडसरला सापडला, तेव्हापासून त्याने अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडं मारली, आणि तो लांबलांब पसरला तो माणसांनी नेलेल्या लाकडांबरोबरच. बॉर्डरवर उष्णतेची प्रक्रिया केलेल्या लाकडाची कागदपत्रं मागतात, ती तुमच्याकडे नसणार. बॅन्फच्या कॅम्पग्राउंडमध्ये शेकोटीचं परमिट घेतलं की लाकूड त्यातच मिळतं. कोरड्या उन्हाळ्यात शेकोटीवर बंदी येते, तेव्हा गॅसची शेगडी बरोबर असू द्याच.

पॅकिंग

सगळं खाणं एकाच क्रेटमध्ये आणि एकाच कूलरमध्ये. हे फार महत्त्वाचं आहे. डिकीत एक पिशवी, सीटखाली एक, आजींच्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्यांबरोबर एक सफरचंद, असं झालं की तुम्ही कितीही प्रामाणिक असा, तुम्हालाच माहीत नसतं गाडीत काय आहे. क्रेट सगळ्यात वर, डिकी उघडली की हाताला येईल असा ठेवा. टेंट आणि स्लीपिंग बॅगच्या खाली गाडला तर तपासणीत सगळी गाडी रिकामी करावी लागते आणि मागे लाइन लागलेली असते.

मूळ पाकीट फेकू नका. जागा वाचवायला लोक सगळं झिपलॉकमध्ये भरतात, मग निदान पाकिटाचा लेबलचा भाग कापून त्याच पिशवीत टाका. दुकानाच्या पावत्या एका पाकिटात.

आणि यादी करा. कागदावर, मराठीत नाही, इंग्रजीत. सुकं काय, पॅकबंद काय, कूलरमध्ये काय, दारू असेल तर किती. कॅनडात दारू माणशी दीड लिटर वाइन किंवा १.१४ लिटर कडक दारू किंवा ३५५ मिलीचे २४ बिअरचे कॅन, यातलं एकच काहीतरी ड्युटी न भरता नेता येतं. गांजा दोन्ही बाजूंना दुकानात मिळत असला तरी बॉर्डरवरून न्यायचा नाही, तरुण मुलं बरोबर असतील तर त्यांना एकदा स्पष्ट विचारून घ्या. कुत्रा बरोबर असेल तर त्याचं खाणंही यादीत येतं, बंद मूळ पाकिटात.

निघायच्या दिवशी सकाळी गाडीत एक फेरी मारा. लहान मुलांच्या कार सीटच्या फटी, दारांचे कप्पे, शाळेची दप्तरं. मुलांनी अर्धवट खाल्लेलं सफरचंद, केळ्याची साल, गोळा झालेली संत्र्याची सालं, हे सगळं फळच धरलं जातं.

बूथवर

खिडक्या खाली, गाणी बंद, पासपोर्ट हातात. कुठून आलात, कुठे चाललात, किती दिवस, बरोबर काय आहे, असे प्रश्न येतात. खाण्याचं विचारलं की सरळ सांगा, "येस ऑफिसर, वी हॅव फूड फॉर कॅम्पिंग", आणि यादी वाचा किंवा पुढे करा. विचारलं नाही तरी आपणहून सांगा. बोलणारं माणूस एकच असावं, चालवणारं. मागून काका "आणि लोणचं पण आहे" म्हणाले आणि पुढून तुम्ही काही नाही म्हणालात तर उगाच संशय.

कधीकधी बाजूला गाडी लावायला सांगतात, त्याला सेकंडरी म्हणतात. घाबरायचं कारण नाही, तुम्ही खाणं सांगितलंत म्हणूनच शेतीमालाची माहिती असलेला माणूस येऊन बघतो. आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या स्टीलच्या डब्यात इंद्रायणी होता, त्यांनी स्वतःच डबा उघडून दाखवला आणि हा भारतातला म्हणून सांगितलं. ऑफिसरने दाणे तळहातावर घेतले, डब्याच्या झाकणाची कड बोटाने पुसून बघितली, मग म्हणाला हा इथेच ठेवावा लागेल, डबा तुम्ही घेऊन जा. दहा मिनिटांत विषय संपला, दंड नाही, काही नाही.

अस्वलाला पळवायचा स्प्रे बरोबर असेल तर तोही सांगा. प्राण्यांसाठी असं लेबल असलेला चालतो, माणसांसाठी असलेला पेपर स्प्रे कॅनडात बेकायदेशीर आहे.

परत येताना, ट्रिपच्या मध्येच

चीफ माउंटनची बॉर्डर वर्षभर उघडी नसते, साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, तीही दिवसाच, त्यामुळे वेळ बघून निघा नाहीतर मोठा वळसा पडतो.

आदल्या रात्रीचं जेवण कूलर रिकामा करण्याचं जेवण. वॉटरटनच्या टाउनसाइट कॅम्पग्राउंडमध्ये छपराखाली स्वयंपाकाला चांगली जागा आहे, वारा तिथे जबरदस्त असतो त्यामुळे आत शिरलेलंच बरं. उरलेले टोमॅटो, ढब्बू मिरची, फ्लॉवर, मटार, बटाटे सगळं एका मोठ्या पातेल्यात, वर बटरचा गोळा, पावभाजी मसाला, आणि उरलेली सगळी लिंबं तिथेच पिळून संपवायची. पाव कॅनडातलाच. सालं आणि देठं अस्वलाला उघडता येत नाही अशा लोखंडी कचरापेटीत टाकायची, कचऱ्याची पिशवी गाडीत घेऊन बॉर्डरवर जायचं नाही.

अमेरिकेत येताना मुख्य गोष्ट अशी की कॅनडात पिकलेली फळं-भाज्या लेबल असेल तर बऱ्याचशा चालतात, पण कॅनडात फक्त विकत घेतलेली चालतीलच असं नाही. संत्री, लिंबं, आंबे कॅनडात पिकत नाहीत, मग ती आली कुठून हा प्रश्न येतोच. सीझनला व्हँकूवरजवळच्या सरे किंवा कॅलगरीच्या दुकानात आंब्याच्या पेट्या दिसतात, जीव जातो अगदी, पण त्या तिथेच खाऊन संपवायच्या. अमेरिकेत भारतातला आंबा २००७ पासून येतो तो विकिरण प्रक्रिया होऊन, त्या पेटीवर तसा शिक्का असतो, कॅनडातल्या पेटीला ते लागू नाही.

मुलांसाठी एक वेगळी सूचना. आत खेळणं असलेलं किंडर सरप्राइज नावाचं चॉकलेटचं अंडं कॅनडात सगळीकडे मिळतं आणि अमेरिकेत त्याला बंदी आहे, खाण्याच्या आत न खाता येणारी वस्तू नको असा १९३८ पासूनचा कायदा आहे. मुलांना बॉर्डरच्या आधीच खाऊ द्या. आपल्याला माहीत असलेलं दोन भागांचं किंडर जॉय चालतं.

ग्लेशियरच्या बाजूला सेंट मेरीला छोटं दुकान आहे, दूध-ब्रेड-अंडी मिळतात, जास्त भाज्या हव्या असतील तर ब्राउनिंगला जावं लागतं.

कॅम्पवर पोचल्यावर

बॉर्डरवरून इतकं सांभाळून आणलेलं खाणं टेंटमध्ये ठेवू नका. बॅन्फ, जॅस्पर, वॉटरटन, ग्लेशियर सगळीकडे वास येणारी प्रत्येक गोष्ट, तेलाची बाटली, मसाल्याचा डबा, धुतलेलं पातेलं, टूथपेस्ट, कुत्र्याचं ताट, बंद गाडीत किंवा लोखंडी लॉकरमध्ये. कॅनडात याबद्दल २५,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल परत परत येतं आणि शेवटी बऱ्याचदा त्याला मारावं लागतं, आपल्या चिवड्याच्या पिशवीपायी एक अस्वल जावं हे बरोबर नाही. फोडणीचा वास लांब जातो, त्यामुळे स्वयंपाक टेंटपासून दूर करा, आणि स्वयंपाकाचे कपडे घालून झोपू नका.

कॅलगरी किंवा व्हँकूवरहून यलोस्टोनकडे निघालेल्यांना क्रम उलटा, आधी अमेरिकेचे नियम आणि मग परतीला कॅनडाचे, म्हणजे ओलं सामान मॉन्टानात किंवा वॉशिंग्टनमध्ये घ्यायचं, आणि तांदळाबाबतीत काही फरक नाही.

निघायच्या आठवड्यात एकदा दोन्ही सरकारांच्या साइट बघा. कॅनडाच्या अन्न तपासणी खात्याची एआयआरएस नावाची शोधायची सोय आहे, त्यात पदार्थ, कुठून आणि कुठे असं टाकलं की उत्तर येतं. अमेरिकेसाठी सीबीपीच्या, म्हणजे तिथल्या कस्टम्स आणि बॉर्डर खात्याच्या साइटवर खाण्याच्या पदार्थांचं वेगळं पान आहे. अंडी आणि चिकनचं त्या आठवड्याला काय चाललंय ते तिथेच कळतं.